आमच्या घरात न विचारता शिरू नका: सोसायटीच्या कमिटीला आणि घरमालकांना खुलं पत्र

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि मॅनेजिंग कमिटीचे सगळे मेंबर,
तसंच आमच्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने दिलेले सगळे घरमालक,
कोपरखैरणे, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार,

लिफ्टशेजारच्या बोर्डवर तुम्ही जो कागद लावलाय त्याबद्दल हे पत्र आहे. एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, ठराव पास झालाय, की सोसायटीतल्या "भाडेतत्त्वावरील सर्व सदनिकांची" दर महिन्याला तपासणी होणार, कमिटीचे मेंबर "कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय" येणार, प्रत्येक मालकाने घराची एक चावी सोसायटीच्या ऑफिसात जमा करायची, आणि जो भाडेकरू सहकार्य करणार नाही त्याला दंड, आणि तरी ऐकलं नाही तर पाणी बंद. खाली सही, शिक्का, तारीख सगळं व्यवस्थित आहे. फक्त ज्यांच्या घरात तुम्ही शिरणार त्यांना कोणी काही विचारलेलं नाही.

मी हे पत्र सगळ्यांसमोर का लिहितेय ते आधी सांगते. एजीएमला आम्हाला बसता येत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही नाही. ऑफिसात लेखी अर्ज घेऊन गेले तर "भाडेकरूचा अर्ज आम्ही घेत नाही, मालकामार्फत पाठवा" असं सांगितलं, आणि आमचे मालक साताऱ्याला असतात, चांगले आहेत, पण ते म्हणाले, ताई, कमिटीशी कशाला वाकडं घ्यायचं, येऊन बघून जातील, तुमचं काय जातंय. म्हणजे ज्या घरात आम्ही जेवतो, झोपतो, आजारी पडतो त्या घराबद्दल बोलायला आम्हाला जागाच उरली नाही. आणि हे फक्त आपल्याच सोसायटीत चाललंय असंही नाही, घणसोलीला, ऐरोलीला असल्या नोटिसा लागल्याचं ऑफिसातल्या बायका सांगतात, माझी मावसबहीण ठाण्याला कासारवडवलीला राहते, तिच्याकडे तर मालकच रविवारी सकाळी फोन न करता बेल वाजवतो आणि चप्पल काढून थेट बेडरूमपर्यंत जातो, भिंतीला खिळा मारलाय का ते बघायला. म्हणून म्हटलं एकदा नीट, नावं न घेता, सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं.

आमच्या घरात आम्ही चौघं. मी वाशीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, नवरा रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, मुलगी शाळेत आहे आणि माझी आई आहे. आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून ती अंथरुणावर आहे, उजवी बाजू चालत नाही, बोलणं घरच्यांनाच कळतं. दिवसा तिच्याजवळ एक मावशी असतात. भाडं दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मालकाच्या खात्यात जातं, ॲग्रीमेंट रजिस्टर आहे, पोलीस स्टेशनला माहिती दिलेली आहे, मेंटेनन्स मालक भरतात आणि भाडेकरू ठेवलाय म्हणून त्यांच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस वेगळे जातात. आमच्याबद्दल तुमच्याकडे एकही तक्रार नाही, हे तुमच्याच रजिस्टरमध्ये बघा.

आता तो कागद लागल्यानंतर काय झालं ते. कामाच्या दिवशी, दुपारी, मावशी आईचं अंग पुसत होत्या. आईच्या अंगावर कपडे नव्हते. बाहेरच्या दाराचं लॅच चावीने उघडलं आणि कमिटीचे तीन पुरुष मेंबर आत आले. बेल वाजवली होती म्हणे, मावशींचे हात साबणाचे होते, त्या उठेपर्यंत तुम्ही ऑफिसातली चावी लावली. मावशी ओरडल्या, थांबा, आत येऊ नका, तर उत्तर आलं, दोन मिनिटांचं काम आहे, तपासणी आहे. मावशींनी हाताला लागेल ती चादर आईवर टाकली. बेडरूमच्या दारात उभं राहून आत नजर टाकली गेली, मग बाथरूम, मग ड्राय बाल्कनी, मग किचनमध्ये जाऊन ओट्याचे आणि सिंकचे मोबाईलवर फोटो. संध्याकाळी ते फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होते, ड्राय बाल्कनीत वाळत घातलेल्या आईच्या दुपट्यांसकट, खाली "अस्वच्छता" असं लिहून. मला ते मालकांनी फॉरवर्ड केले तेव्हा मी ट्रेनमध्ये होते.

आई माझी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. तिने आयुष्यभर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नाही. तिला स्वतःच्या हाताने पांघरूण ओढता येत नाही, ओरडता येत नाही, आणि तीन परके पुरुष तिच्या खोलीच्या दारात. तेव्हापासून ती दुपारी झोपत नाही, दार वाजलं की डावा हात हलवून मावशींना खूण करते की आधी मला झाका. तुम्ही तिघंही वयाने मोठे आहात, तुमच्याही घरी म्हाताऱ्या बायका आहेत. तुम्ही हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण "कोणत्याही वेळी, पूर्वसूचनेशिवाय" असं लिहिलेल्या ठरावातून दुसरं काय होणार होतं? वेळ विचारायची नाही असं ठरवलं की कोणाची तरी अशीच वेळ गाठली जाणार.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण वाचता येतं, आणि हे कोणालाही वाचून पडताळता येईल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २८ एका वाक्याचं आहे. त्यात लिहिलंय की भाड्याने दिलेली किंवा लायसन्सवर दिलेली जागा बघायचा मालकाला हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि तिथे राहणाऱ्याला आधी नोटीस देऊन. म्हणजे घर बघायचा हक्क आहेच, तो कोणी नाकारत नाहीये. पण तो हक्क मालकाचा आहे, कमिटीचं नाव त्या कलमात कुठेच नाही. आणि मालकालासुद्धा दोन अटी आहेत, वेळ वाजवी पाहिजे आणि आधी कळवलं पाहिजे. तुमचा ठराव बरोब्बर या दोन्ही अटी काढून टाकतो. जे मालक स्वतः करू शकत नाहीत ते चावी दिल्याने कमिटीला कसं करता येईल, याचं उत्तर मला कोणीतरी द्यावं. एजीएमने हात वर करून कायद्याचं कलम बदलत नाही.

मला ऑफिसात असंही सांगितलं गेलं की तुम्ही कुठे भाडेकरू आहात, तुमचं तर लिव्ह ॲण्ड लायसन्स आहे, अकरा महिन्यांचं, तुम्हाला कसले हक्क. लायसन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहणारा, आणि भाडेकरू यांत कायद्याने फरक आहे हे खरं आहे, मुदत संपली की आम्हाला निघावं लागतं आणि ते आम्हाला सही करतानाच माहीत असतं. पण कलम २८ मध्ये भाडेकरू, लायसन्सी आणि जागेत राहणारा असे तिघंही लिहिलेले आहेत. मुदत संपेपर्यंत ते घर आमच्या राहण्यातलं आहे, आणि त्या मुदतीत आमच्या दारावर टकटक करूनच यावं लागतं.

बाय-लॉजचा दाखला पण दिला गेला. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे नमुना बाय-लॉज, मी पण पाहिले. त्यात सेक्रेटरीने कमिटीच्या दुसऱ्या एका मेंबरला घेऊन, आधी कळवून, सभासदाच्या फ्लॅटमध्ये जाऊन दुरुस्तीची काय गरज आहे ते बघावं अशी तरतूद आहे. म्हणजे लीकेज, सीपेज, स्लॅबचं प्लास्टर असल्या गोष्टींसाठी, आणि तिथेही आधी कळवूनच. ओट्यावर भांडी किती पडलीत, फ्रिजमध्ये काय ठेवलंय, कपाटामागे बॅगा कोणाच्या आहेत हे दुरुस्तीत येत नाही. आणि ही तरतूद सगळ्या फ्लॅटना आहे. तुमच्या ठरावात मालक जिथे स्वतः राहतात ते एकही घर नाही. मागच्या पावसाळ्यात ज्या फ्लॅटमधून खालच्या मजल्यावर पाणी गळत होतं तो फ्लॅट कोणाचा होता ते सगळ्यांना माहीत आहे, तिथे मालक स्वतः राहतात, आणि तिथे जाताना कमिटीने फोन करून वेळ घेतली होती. तसंच करायला हवं होतं, चांगलं केलंत. तेवढाच फोन आम्हाला का नाही?

पाणी बंद करण्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये मालकाने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी, योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज, लिफ्ट, जिन्यातले दिवे असल्या गरजेच्या सोयी तोडू नयेत असं स्पष्ट आहे. अंथरुणावर असलेल्या पेशंटच्या घरचं पाणी तोडू असं शिक्का मारून बोर्डवर लावताना कोणीतरी एकाने तरी थांबवायला हवं होतं.

तुमचं म्हणणं सुरक्षिततेचं आहे. ते मी हलक्यात घेत नाही. बी विंगमध्ये एका वन बीएचकेत दहा-बारा पोरं कोंबून ठेवली होती आणि रात्री भांडणं व्हायची हे खरंय, आम्हालाही त्याचा त्रास झाला, त्या जिन्यातून माझी मुलगी क्लासला जाते. पण ती पोरं तिथे कशी आली? त्या मालकाने ॲग्रीमेंट रजिस्टरच केलं नव्हतं, पोलिसांना माहिती दिली नव्हती, सोसायटीत कागद जमा केले नव्हते, आणि प्रत्येक डोक्यामागे वेगळं भाडं घेत होता. दोष मालकाच्या कागदपत्रांचा आणि तपासणी शंभर टक्के कागद असलेल्यांच्या स्वयंपाकघराची, हा कुठला न्याय?

सुरक्षिततेचे रस्ते कायद्यात आधीच आहेत, ते वापरा. कलम ५५ सांगतं की ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर पाहिजे, आणि ते रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केलं तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि वाद झालाच तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं, बरेच मालक अजून म्हणतात की अकरा महिन्यांना लागत नाही, तसं नाहीये. मुद्रांक शुल्क फक्त ०.२५ टक्के आहे आणि शहरात नोंदणी फी एक हजार रुपये. ऑनलाइन होतं, दोघांचे अंगठे, फोटो, आधार सगळं सरकारकडे जातं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी. म्हणजे आम्ही कोण, कुठले, किती जण राहणार हे तुमच्या तपासणीच्या कितीतरी आधी नोंदलं गेलेलं आहे. ज्या मालकांनी हे केलं नाही त्यांची यादी करा, त्यांना नोटीस काढा, आम्ही तुमच्याबरोबर उभे राहू, त्या जिन्यातून आम्हालाही जायचंय.

आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही तर मालकासाठी कलम २४ आहे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं लागतं. मालकाला कायद्याने उघड्यावर सोडलेलं नाही. "भाडेकरू घर बळकावेल" ही भीती जुन्या पागडीच्या काळातली आहे, ती अजून मनात धरून आमच्या गाद्या उचलून बघायची गरज नाही.

तिसऱ्या मजल्यावर तीन मुली शेअरिंगमध्ये राहतात, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नाइट शिफ्ट करतात. त्यांना नाव घालून काही लिहायची भीती वाटते, कारण त्यांचं ॲग्रीमेंट संपत आलंय आणि नवीन घर शोधायचं म्हणजे डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो, सगळं परत. म्हणून त्यांच्या परवानगीने मी लिहिते. त्या सकाळी घरी येऊन झोपतात. त्यांना सकाळी अकराला उठवून दार उघडायला लावलं, फ्रिज उघडून बघितला, नॉनव्हेज बनवता का विचारलं, आणि गॅलरीत शर्ट वाळतोय तो कोणाचा म्हणून विचारलं. शर्ट त्यांच्यातल्याच एकीचा होता. पण तो दुसऱ्या कोणाचा असता तरी कमिटीने विचारायचा प्रश्न तो नव्हता. आणि नॉनव्हेजचं म्हणाल तर हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलंय, आगरी-कोळ्यांच्या, जिथे भातशेती, मिठागरं आणि खाडीची मासळी यांवर घरं चालली. त्या जागेवर सुकटीचा वास आला म्हणून कोणाची चौकशी करणं मला तरी पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल सरकार आणि नागरिक यांच्या संदर्भातला आहे हे मला माहीत आहे. पण घराच्या उंबऱ्याच्या आत माणसाला मोकळं राहता यावं एवढं तर आपल्याकडे कोणी न शिकवता कळतं, पाहुणा पण फोन करून येतो.

एक गोष्ट मालक मंडळींसाठी. नवी मुंबईत आपण ज्याला स्वतःचं घर म्हणतो त्याच्या खालची जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची आहे. सिडकोने ती ६० वर्षांच्या लीजवर दिलेली असते, सोसायटी ही लीजवाली, आणि फ्लॅट विकायचा म्हटलं तरी सिडकोच्या ऑफिसात ट्रान्सफर चार्जेस भरून परवानगी घेत होतो, तुम्हा सगळ्यांना तो अनुभव आहे. म्हणजे जमिनीच्या बाबतीत तुम्हीसुद्धा मुदतीवर घेतलेल्या जागेत राहता. उद्या सिडकोचा अधिकारी न कळवता आला आणि म्हणाला, जमीन आमची आहे, तुमची बेडरूम दाखवा, तर तुम्ही त्याला आत घ्याल? नाही घेणार, आणि ते बरोबरच आहे. तुमचा करार आहे, तुम्ही पैसे भरलेत, ताबा तुमचा आहे. आमचंही तेवढंच म्हणणं आहे.

आणि या शहराचं भाडेकरूंशिवाय चालतं कसं तेही बघा. एपीएमसी मार्केटमध्ये पहाटे माल उतरवणारे, तुर्भे ते दिघा एमआयडीसीत शिफ्ट करणारे, हॉस्पिटलच्या नर्स, नेरूळ-खारघरला शिकायला आलेली मुलं, यांतले कितीतरी जण भाड्याने राहतात. आपल्या सोसायटीचंच बघा, भाड्याच्या फ्लॅटमागे तुम्ही नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेता. सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, ते किती घेतले जातात हा वेगळा विषय, मालकांनी आपली बिलं काढून बघावीत. पण ते पैसे शेवटी आमच्या भाड्यातूनच येतात. लिफ्ट बदलली तेव्हा, सीसीटीव्ही बसवले तेव्हा आमच्या घराचा वाटा जास्तीचाच गेला. गणपतीची वर्गणी मागायला आमचं दार बरोबर सापडतं, आणि आम्ही आनंदाने देतो, आरतीला पण येतो. मग दारात उभं राहून "येऊ का" विचारायला काय हरकत आहे.

केंद्र सरकारने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. तो नमुना आहे, राज्यं स्वीकारतील तेव्हा तिथे लागू होतो, आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा बघायचा. पण नमुना म्हणून तो काय सांगतो? मालकाला घरात यायचं असेल तर किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाईल-ईमेलवर नोटीस, कारणासकट. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. यात कोणाचं नुकसान आहे? एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवायला मालकाला किती वेळ लागतो.

तपासणी नीट झाली तर ती आम्हालाही हवी आहे, हे पण सांगते. घर सोडताना मालक येतो, भिंतीवर बोट फिरवतो आणि रंगाचे, नळाचे, टाइल्सचे म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापतो, आणि राहायला आलो तेव्हा ती भिंत कशी होती याचा कुठेच कागद नसतो. आमच्या आधीच्या घरी बाथरूमच्या सीपेजबद्दल मालकाला सांगून सांगून थकलो, कोणी बघायला आलं नाही, आणि सोडताना त्याच सीपेजचे पैसे आमच्याकडून घेतले. जेव्हा बघायला बोलावतो तेव्हा यायचं नाही आणि नको तेव्हा चावी लावून शिरायचं, याला देखभाल म्हणत नाहीत. आत येताना आणि सोडताना दोघांनी मिळून घर बघावं, पंखे, गीझर, नळ, भिंती, खिडक्या सगळं लिहावं, फोटो काढावेत, दोघांच्या सह्या घ्याव्यात. मधल्या काळात सहा महिन्यांनी एकदा वेळ ठरवून या, चहा घ्या, आम्ही स्वतः गळणारा नळ दाखवू.

आणि अपघाताला नोटीस नको. गॅसचा वास आला, पाईप फुटला, शॉर्टसर्किट झालं, आत कोणी पडलंय अशी शंका आली तर दार तोडा, आम्हीच नंतर आभार मानू.

आमच्या मागण्या आता सरळ सांगते.

तो ठराव मागे घ्या. पुढच्या एजीएमची वाट न बघता कमिटीने त्याची अंमलबजावणी आजपासून थांबवावी आणि तसं त्याच बोर्डवर लिहून लावावं. दंड आणि पाणी बंदचं वाक्य तर आजच काढा.

ऑफिसात जमा केलेल्या सगळ्या चाव्या ज्याच्या त्याला परत करा. कोणाची चावी कोणी कधी वापरली याची नोंद असेल तर ती त्या घरातल्यांना दाखवा.

आमच्या घरांचे फोटो ग्रुपवरून आणि सगळ्यांच्या मोबाईलमधून काढून टाका, आणि काढले असं लेखी द्या. माझ्या आईच्या बाबतीत मला ग्रुपवर जाहीर माफीनामा नको, तिचं नाव तिथे परत येऊच नये. त्या तिघांपैकी कोणाच्याही घरातल्या एका बाईने येऊन तिच्याजवळ बसून दोन शब्द बोलावेत, तेवढं पुरे.

यापुढे घर बघायचं तर मालकाने बघावं, किमान २४ तास आधी मेसेज करून, कशासाठी आणि किती वाजता ते सांगून, आणि घरातलं मोठं माणूस हजर असताना. स्वतः येणार नसतील तर कोण येणार त्याचं नाव आधी कळवावं. घरात फक्त बायका, मुली किंवा आजारी माणूस असेल तर सोबत एक बाई असावी. नाइट शिफ्टवाल्यांची झोपेची वेळ धरूनच वेळ ठरवावी.

लीकेज किंवा दुरुस्तीसाठी कमिटीला यायचं असेल तर मालकांच्या घरांना जो नियम तोच आम्हाला.

घरमालकांनो, तुमच्याकडे वेगळं मागणं आहे. ॲग्रीमेंट रजिस्टर करा. त्यात घर कधी आणि कसं बघायचं याचा एक क्लॉज टाका, वस्तूंची यादी जोडा, आणि भाड्याची पावती द्या, ती देणं कलम २६ प्रमाणे तुमचं कामच आहे. तुमच्या नावावर कोणी आमच्या घरात शिरलं तर "कमिटीशी वाकडं नको" म्हणून गप्प बसू नका. करार तुम्ही आमच्याशी केलाय.

आणि भाडेकरूंबद्दल ठराव असेल तेव्हा भाडेकरूंच्या दोन माणसांना मीटिंगमध्ये बोलवा. मत द्यायचा हक्क आम्ही मागत नाही, तो सभासदांचा आहे. आमचं म्हणणं ऐकून मग हात वर करा.

या महिन्याच्या शेवटपर्यंत लेखी उत्तर द्या. सही माझी एकटीची नाही, या पत्राच्या प्रतीवर इथल्या इतर भाडेकरूंच्याही सह्या आहेत आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या काही मालकांच्या पण आहेत, ज्यांनी एजीएममध्ये या ठरावाला विरोध केला होता, त्यांचे मनापासून आभार. उत्तर आलं नाही तर हेच पत्र, ठरावाची प्रत आणि ग्रुपवरच्या फोटोंचे स्क्रीनशॉट घेऊन आम्ही सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करू, आणि घरात परत कोणी न विचारता शिरलं तर पोलीस स्टेशनला जाऊ. ते करायची इच्छा नाही, एकाच जिन्याने वर-खाली करायचंय आपल्याला. पण तोवर आमच्या दाराला आतून कडी असेल, आणि बेल वाजल्यावर मावशी आधी आईचं आवरतील, मग दार उघडतील. तेवढा वेळ बाहेर थांबा.

आपली,
ए विंगमधली एक भाडेकरू